स्वी मिखाइल्युक इतके संघ का फिरला?

प्रश्न थोडक्यात असा: युक्रेनचा स्वियातोस्लाव मिखाइल्युक, म्हणजे सगळ्यांचा 'स्वी', एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, आठ वेगवेगळ्या संघांकडून खेळला. बोस्टनबरोबर त्याला विजेतेपदाची अंगठी मिळाली, पण तिथेही तो बहुतेक बेंचवरच होता. मग याला यशस्वी म्हणायचं, की कुणालाच नको असलेला? आणि विचारणाऱ्यांचा सोळा वर्षांचा भाचा चांगला शूटर आहे, त्याने या खेळाडूकडून काय उचलावं?

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते आधी सोडवून घेऊ. संघ किती बदलले, हे बऱ्याच अंशी कराराबद्दल काही सांगतं, खेळाबद्दल फारच थोडं. खेळाडू कोणत्या कामाला उपयोगी आहे, ते मात्र खेळ बघूनच कळतं. भाच्याच्या बाबतीत माझं उत्तर त्याची उंची, हातांची लांबी आणि डिफेन्समध्ये पाय किती चालतात यावर अवलंबून राहील. त्यामुळे तिथे मी पद्धत सांगेन, भविष्य नाही.

आधी माणूस. स्वीचा जन्म १० जून १९९७चा, गाव चेरकासी, द्नीप्रो नदीकाठचं. तिथल्याच 'चेरकास्की माव्पी' या क्लबकडून तो सोळाव्या वर्षी युक्रेनच्या मुख्य लीगमध्ये मोठ्या माणसांविरुद्ध खेळायला लागला. सतराव्या वर्षी, २०१४मध्ये, तो स्पेनमधल्या विश्वचषकात युक्रेनच्या संघात होता. प्रशिक्षक होते एनबीएत वर्षानुवर्षं काम केलेले माइक फ्रातेल्लो. युक्रेनचा गट बिल्बाओमध्ये खेळला आणि त्याच गटात अमेरिकाही होती. त्याच वर्षी तो कॅन्सस विद्यापीठात गेला.

हा मार्ग युक्रेनच्या मुलांसाठी दिसतो तितका सरळ नाही. युरोपात क्लबच्या वरिष्ठ संघातून खेळणं नेहमीचं, पण अमेरिकन कॉलेजच्या तेव्हाच्या हौशीपणाच्या नियमांत तेच अंगाशी येऊ शकत होतं. अँट्रात्सीट या लुहान्स्क भागातल्या गावचा ॲलेक्स लेन मेरीलँड विद्यापीठात गेला, तेव्हा आधी द्नीप्रोच्या क्लबकडून खेळल्यामुळे त्याला पहिले दहा सामने बाहेर बसावं लागलं. पुढे २०१३च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ दरवर्षी नव्या खेळाडूंची क्रमाने निवड करतात त्यात, तोच लेन पाचव्या क्रमांकावर निवडला गेला. युक्रेनच्या कुठल्याही खेळाडूची ड्राफ्टमध्ये त्याहून वर निवड झालेली नाही. त्याआधीचा विक्रम विताली पोतापेंकोचा होता: १९९६, बारावा क्रमांक, क्लीव्हलँड. त्याच्या लगेच पुढचं, तेरावं नाव होतं कोबी ब्रायंट. बिचाऱ्या पोतापेंकोला हे वाक्य आयुष्यभर ऐकावं लागलं असणार.

कॅन्ससमधली चार वर्षं समजून घेतली की स्वीचं अर्धं कोडं सुटतं. पहिल्या वर्षी सामन्यामागे तीनही गुण होत नव्हते. सतरा वर्षांचं पोर, समोर बावीस वर्षांचे गडी, आणि बिल सेल्फ यांच्यासारखा प्रशिक्षक, जो डिफेन्स न करणाऱ्याला खेळवत नाही. २०१७मध्ये त्याने ड्राफ्टसाठी नाव दिलं आणि अंदाज घेऊन मागे घेतलं. चौथ्या वर्षी, २०१७-१८मध्ये, सरासरी १४.६ गुण आणि तीन गुणांचे ११५ शॉट यशस्वी, अचूकता ४४.४ टक्के. एका हंगामातले ११५ हा कॅन्ससचा तेव्हाचा नवा विक्रम. लोक हे वर्ष 'शेवटच्या वर्षाचा अनुभवी खेळाडू' म्हणून मोजतात, पण तो पूर्ण हंगाम खेळला तेव्हा तो फक्त वीस वर्षांचा होता. इतर मुलं ज्या वयात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असतात, त्या वयात याचं कॉलेज संपत आलं होतं.

त्या हंगामातला ड्यूक विद्यापीठाविरुद्धचा सामना जरूर बघा. मार्च २०१८, ओमाहा, जिंकणारा फायनल फोरमध्ये, म्हणजे कॉलेज स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत, जाणार. कॅन्सस तीन गुणांनी मागे, घड्याळात तीस सेकंदही नाहीत, आणि स्वीने तीन गुणांचा शॉट मारून ७२-७२ केलं. जादा वेळेत कॅन्ससचे तेराच्या तेरा गुण मलिक न्यूमनने केले, म्हणून बातम्यांत त्याचं नाव मोठं. सामना ८५-८१. पण शूटर म्हणजे काय ते त्या बरोबरीच्या शॉटमध्ये दिसतं. चेंडू हातात येण्याआधी पाय जागेवर, खांदे रिंगकडे, आणि चेंडू कमरेपर्यंत खाली न नेता थेट वर. वेळ कमी आहे म्हणून हालचाल घाईची होत नाही. सामन्याच्या सुरुवातीला जसा, तसाच तिथे. पुढच्या सामन्यात विलानोवाने कॅन्ससला ९५-७९ धुतलं, तो भाग वेगळा.

आता संघांचं प्रकरण. २०१८च्या ड्राफ्टमध्ये लॉस एंजेलिसच्या लेकर्सने त्याला ४७व्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या फेरीत तीस नावं असतात. त्यांचा पगार ठरीव कोष्टकाप्रमाणे असतो आणि पहिली दोन वर्षं हमीची असतात. ४७वा म्हणजे दुसरी फेरी, तिथे अशी हमी नियमाने मिळत नाही, जे पदरात पडेल ते. आपल्याकडच्या वाचकांना सतनाम सिंग आठवेल. २०१५मध्ये डॅलसने त्याला ५२वा निवडला आणि एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. दुसऱ्या फेरीतल्या कित्येकांचं असंच होतं. म्हणून ४७वरून येऊन इतकी वर्षं लीगमध्ये टिकणं, हीच मुळात सरासरीच्या बरीच वरची गोष्ट आहे.

दुसऱ्या फेरीतल्या खेळाडूचा पगार छोटा असतो, आणि छोटा पगार सौद्यात फार सोयीचा पडतो. पगारमर्यादेच्या वर गेलेल्या संघांना ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, करताना दोन्ही बाजूंचे पगार ठरावीक मर्यादेत जुळवावे लागतात, आणि मुख्य यादीत जागा फक्त पंधरा. त्यामुळे मोठ्या नावांच्या ट्रेडमध्ये हिशेब जुळवायला किंवा जागा मोकळी करायला छोटे करार इकडून तिकडे जातात. फेब्रुवारी २०१९मध्ये लेकर्सने त्याला डेट्रॉइटला दिलं आणि रेजी बुलक घेतला. लेब्रॉन जेम्सचा लॉस एंजेलिसमधला तो पहिला हंगाम, त्यांना शूटर आत्ता हवा होता, दोन वर्षांनी तयार होणारा नको होता. (तरीही त्यांना प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्या, गाठता आल्या नाहीत.) मार्च २०२१मध्ये डेट्रॉइटने हमिडू डियालो घेऊन त्याला ओक्लाहोमा सिटीला पाठवलं. मग टोरांटो. मग २०२२च्या शरदात न्यूयॉर्क. फेब्रुवारी २०२३मध्ये न्यूयॉर्कला जॉश हार्ट हवा होता. त्या चार संघांच्या व्यवहारात स्वी कागदोपत्री पोर्टलंडकडून शार्लटला पोहोचला. पोर्टलंडची जर्सी त्याने सामन्यात घातलीच नाही. यातल्या बहुतेक हालचालींत 'हा खेळाडू वाईट आहे' असं कुणी म्हणालेलं नाही. 'याचा पगार बसतो' एवढंच म्हटलंय.

एक टप्पा मात्र खेळावरचा शेरा आहे, आणि तो टोरांटोचा. त्याआधी डेट्रॉइटमध्ये २०१९-२०ला त्याने सरासरी ९ गुण केले, तीन गुणांची अचूकता ४०.४ टक्के. संघ हरत होता, ब्लेक ग्रिफिन जखमी, आंद्रे ड्रमंडला हंगामाच्या मध्यात दिलं गेलं. म्हणजे मिनिटं मोकळी होती आणि चूक केली तरी लगेच बाहेर बसवत नव्हते. शूटरला हे वातावरण मानवतं. टोरांटोत २०२१-२२ला उलट. निक नर्स यांचा संघ लांब हातांच्या, साडेसहा फुटांहून उंच खेळाडूंनी भरलेला. सगळे सगळ्यांना गार्ड करणार, ही तिथली रीत. स्वीची उंची सुमारे दोन मीटर असली, तरी हातांचा पसारा उंचीपेक्षा कमी आहे. पास अडवणं, मागून येऊन शॉटला हात लावणं, ही कामं हातांच्या लांबीवर होतात. ती कमी, म्हणून मिनिटं कमी. मिनिटं कमी म्हणून शॉट तुटक. आणि अचूकता तीस टक्क्यांपाशी येऊन थांबली.

याच हंगामात, २४ फेब्रुवारी २०२२ला, रशियाने युक्रेनवर पूर्ण आक्रमण केलं. स्वी आणि लेन या दोघांनी मिळून निवेदन काढलं होतं. घर युद्धात असताना माणूस कसा खेळतो, हे टक्केवारीतून वाचायचा प्रयत्न करू नका, कोणत्याही बाजूने. 'त्यामुळेच नेम बिघडला' म्हणणं जितकं सोपं, तितकंच अप्रामाणिक.

आता टक्केवारीच्या एका सापळ्याबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण शूटरबद्दलचे नव्वद टक्के वाद तिथेच होतात. आधी किंमत बघा. तीनच्या रेषेबाहेरून शंभर शॉट, ४० टक्के, म्हणजे १२० गुण. आतून १२० गुण करायला शंभरातले ६० शॉट घालावे लागतात, आणि अंगावर माणूस असताना ६० टक्के हे रिंगखाली खेळणाऱ्या चांगल्या सेंटरचं काम आहे. म्हणून ४० टक्क्यांचा शूटर नुसता कोपऱ्यात उभा राहिला, तरी एक डिफेंडर त्याच्याजवळ बांधला जातो. त्या बांधलेल्या डिफेंडरमुळे दुसऱ्या कुणालातरी रिंगकडे वाट मिळते, आणि ती स्वीच्या नावावर कुठेच लिहिली जात नाही.

मग तोच खेळाडू एका वर्षी ४० आणि पुढच्या वर्षी ३१ कसा? बेंचवरून येणारा माणूस हंगामात शे-दीडशे थ्री मारतो. समजा त्याची खरी पातळी ३६ टक्के आहे. दीडशे शॉटमध्ये निव्वळ नशिबाने येणारा फरक दोन्ही बाजूंना सुमारे चार टक्क्यांचा असतो. म्हणजे ३२ ते ४० यातलं काहीही आलं तरी माणूस तोच. तीसपर्यंत घसरण दर वर्षी होत नाही, पण कधीतरी होतेच. एका हंगामाच्या आकड्यावर 'नेम गेला' किंवा 'नेम आला' असं म्हणू नये. निदान तीन-चार हंगाम एकत्र धरा, आणि सोबत फ्री थ्रोची टक्केवारी बघा. तिथे अंगावर कुणी नसतं, त्यामुळे हाताची खरी जात तिथे लवकर दिसते.

रेषेचं अंतरही लक्षात घ्या. स्वी कॅन्ससला असताना कॉलेजची रेषा ६.३२ मीटरवर होती. एनबीएची समोरून ७.२४ मीटर, कोपऱ्यात साधारण ६.७०. आंतरराष्ट्रीय आणि आपल्याकडची ६.७५, कोपऱ्यात ६.६०. कॉलेजचे ४४ टक्के जसेच्या तसे पुढे जात नाहीत, याचं एक कारण हे नव्वद सेंटिमीटर. दुसरं मोठं कारण म्हणजे अंगावर धावून येणारे लोक जास्त वेगवान आणि जास्त लांब हातांचे.

बोस्टनला तो २०२३-२४च्या हंगामासाठी किमान पगाराच्या करारावर गेला. तीन किंवा जास्त वर्षं खेळलेल्या माणसाशी एका वर्षाचा किमान करार केला, तर पगाराचा ठरावीक पातळीवरचा भाग लीग भरते आणि संघाच्या हिशेबात कमी रक्कम धरली जाते. म्हणून विजेतेपदाच्या दावेदार संघांना बेंचच्या शेवटच्या खुर्च्यांवर असे अनुभवी लोक परवडतात. तिथे त्याचं काम ठरलेलं: मुख्य शूटर जखमी किंवा थकलेला असेल त्या दिवशी उतरायचं, बाकी सरावात पहिल्या फळीला त्रास द्यायचा. जून २०२४मध्ये बोस्टनने डॅलसला ४-१ हरवलं. विजेतेपद मिळवणारा तो युक्रेनचा दुसरा खेळाडू. पहिला स्लावा मेदवेदेंको, लेकर्सबरोबर २००१ आणि २००२ असा दोनदा. मेदवेदेंकोला तर कुणी ड्राफ्टमध्येही घेतलं नव्हतं. तोही बेंचवरचाच, पण २००३-०४मध्ये कार्ल मलोन जखमी झाल्यावर त्याला भरपूर सामने मिळाले आणि त्याने सरासरी आठच्या वर गुण केले. २०२२च्या युद्धात कीवच्या रक्षणासाठी तो प्रादेशिक दलात गेला आणि दोन्ही अंगठ्या लिलावात विकून आलेले पैसे युक्रेनमधल्या शाळांच्या क्रीडासुविधांसाठी दिले.

बोस्टननंतर २०२४मध्ये युटाने स्वीला अनेक वर्षांचा करार दिला. किमान पगारावरून तिथपर्यंत जाणं म्हणजे बाजाराने त्याची किंमत वाढवली. बेंचवर बसून किंमत वाढते कशी, असं वाटेल. शिस्तीच्या संघात एक वर्ष चुका न करता काढलं, याची नोंद सगळे संघ ठेवतात.

आणि तो युक्रेनकडून खेळतो तेव्हा बघा, माणूस वेगळा वाटेल. २०२२च्या युरोबास्केटमध्ये, म्हणजे युरोपातल्या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेत, युक्रेनने यजमान इटलीला मिलानमध्ये ८४-७३ हरवलं, गटात दुसरं स्थान मिळवलं आणि मग बाद फेरीत पोलंडकडून ८६-९४ असे हरले. तिथे स्वी कोपऱ्यात उभा राहत नाही. चेंडू त्याच्या हातात असतो, पिक-अँड-रोल (सहकाऱ्याने डिफेंडरला अडवून वाट करून द्यायची चाल) तो चालवतो, अवघड शॉट त्यालाच मारावे लागतात. राष्ट्रीय संघात मुख्य असलेला हाच माणूस एनबीएत आठवा-दहावा होतो, तेव्हा त्याला सवयी मोडाव्या लागतात. चेंडू कमी, वाट बघणं जास्त, आणि आलेला एक शॉट घालायचाच. बरेच चांगले युरोपीय स्कोअरर इथेच अडतात, कारण लय येण्यासाठी त्यांना चार-पाच शॉट लागतात. स्वी टिकला तो या जागी.

म्हणून 'यशस्वी का' याला माझं उत्तर: हो, विशिष्ट कामाचा माणूस म्हणून. तारा म्हणून नाही, आणि तसा तो कधी विकलाही गेला नव्हता. युक्रेनच्या सगळ्या खेळाडूंत त्याला कुठे ठेवायचं, असं विचाराल तर अलेक्सांद्र वोल्कोव त्याच्या बराच वर. १९८८चं ऑलिंपिक सुवर्ण, १९८९ला कीवच्या संघाबरोबर सोव्हिएत विजेतेपद आणि त्याच वर्षी अटलांटा हॉक्सकडून एनबीए, तेही सोव्हिएत संघातल्या पहिल्या खेळाडूंपैकी एक म्हणून.

आता भाचा. स्वीचे ड्यूकसारखे मोठे क्षण त्याला जरूर दाखवा, पण नक्कल करायची ती चेंडू येण्याआधीच्या अर्ध्या सेकंदाची. गुडघे आधीच वाकलेले, हात छातीपाशी उघडे, पाय रिंगकडे. मुलांकडून सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे चेंडू पकडल्यावर गुडघे वाकवणं. तिथेच डिफेंडर पोहोचतो.

अंतराची घाई नको. ६.७५वरून ताकद पुरत नसेल तर मुलगा चेंडू खांद्यामागे नेऊन फेकायला लागतो आणि ती सवय पुढे सुटत नाही. पाच मीटरपासून सुरू करा. पाच जागा ठरवा: दोन कोपरे, दोन तिरक्या बाजू, एक समोर. प्रत्येक जागी जोडीदाराच्या पासवर दहा शॉट, दर पाच शॉटनंतर बेसलाइनपासून अर्ध्या कोर्टापर्यंत धावून परत. पन्नासातले पस्तीस सलग तीन-चार सरावांत गेले आणि हाताची रचना बदलली नाही, तरच एक फूट मागे सरका.

प्रत्येक चुकलेला शॉट कुठे चुकला ते वहीत लिहायचं. आखूड पडत असेल तर बहुतेक वेळा पाय थकलेत, हाताला दोष देऊ नका. थोडा लांब जात असेल तर चिंता नाही. डावीकडे-उजवीकडे जात असेल तर मात्र थांबा. बहुधा आधाराच्या हाताचा अंगठा चेंडूला ढकलतोय. चेंडूवर आडवी फिरकी दिसली की नक्की तेच. यावर उपाय म्हणजे रिंगपासून दीड-दोन मीटरवर उभं राहून एका हाताने शॉट, रोज वीस-पंचवीस, कंटाळा आला तरी.

सरावात सत्तर टक्के आणि सामन्यात पंचवीस, ही तक्रार प्रत्येक मुलाची असते. कारण सरावात अंगावर कुणी येत नाही. एकाला लांब दांड्याचा झाडू उंच धरून शूटरकडे धावत यायला सांगा. पहिले दोन आठवडे अचूकता कोसळेल, कोसळू द्या. त्याच शॉटमध्ये दुसरी निवडही शिकवा: डिफेंडर जोरात आला तर शॉटची हूल, एक ड्रिबल बाजूला, आणि मग शॉट किंवा पास. नुसता उभा राहून मारणारा सोळाव्या वर्षी चालून जातो, विसाव्या वर्षी नाही.

आणि सरावाचा निम्मा वेळ डिफेन्सला द्या, विशेषतः हात आखूड असतील तर. बाजूला सरकताना पाय एकमेकांवर न चढवणं, समोरच्याच्या छातीकडे बघणं, शॉटला हात वर पण अंग न लावणं. कॅन्ससमध्ये स्वीची मिनिटं वाढली ती नेम सुधारल्याइतकीच या कामामुळेही, असं मला त्या सामन्यांत दिसतं.

त्याचा एखादा सामना बघताना भाच्याला सांगा की चेंडूमागे नजर फिरवायची नाही, पूर्ण एक क्वार्टर फक्त स्वीकडे बघायचं. सोबतचा खेळाडू रिंगकडे घुसला की तो कोपऱ्यातून किती पावलं सरकतो आणि कुठल्या दिशेने, ते मोजायचं. अमेरिकेतले रात्रीचे सामने आपल्याकडे सकाळी लागतात, शाळेच्या आधी एखादा क्वार्टर सहज बघून होतो.